मामांचा लाल शालू

“काळा कुनाला म्हनतोस रं? लाल हाय त्यो, लाल! माज्या हातचा लाल!”

चित्रपट मुका होता. आमचे शेजारी रंगारीमामा नव्हते. ते थिएटरातल्या बाकावर उभे राहून ओरडत होते आणि पेटीवाला वाजवायचं विसरून त्यांच्याकडे बघत बसला होता. पडद्यावर नवरी मांडवात निघाली होती आणि तिचा शालू तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट दिसत होता. पुढून कुणीतरी विचारलं, “लगीन हाय का सुतक?” त्यावर थिएटर असं हसलं, की छपराचे पत्रे पुढे महिनाभर आपोआप वाजत होते.

रंगाच्या बाबतीत मामांइतका हट्टी माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही. झाला असता तर दोघांनी मिळून सिद्धेश्वराचं तळं रंगवून काढलं असतं. मामींनी आमटी वाढली की मामा वाटी आधी उजेडात धरत आणि “तांबूसपना कमी हाय” म्हणून परत पाठवत. मिठाची चौकशी त्यांनी जन्मात केली नाही. भर वरातीत घोडा थांबवून ते नवरदेवाचा फेटा उन्हात निरखत, आणि मुहूर्त बिचारा खोळंबून राही. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, कपडे राहत. माझ्या मुंजीतल्या टोपीवरून, मी दोन पोरांचा बाप झाल्यावरही ते मला “काय फिका गुलाबी, बरं हाय का?” असंच विचारत. रंग जमला की नाही हे ते जिभेवर घेऊन ठरवत. एकदा डॉक्टरांनी जीभ बघायला मागितली, तर ती बघून डॉक्टरांनाच पाणी द्यावं लागलं.

अशा माणसाकडे त्या चित्रपटाच्या कंपनीवाल्यांनी नवरीचा शालू रंगवायला दिला होता. कॅमेरावाल्यानं बजावलं होतं, “मामा, तांबडं नको. आमच्या फिल्मला तांबडं दिसत नाही, काळं उमटतं.” मामा म्हणाले, “नवरीला लाल नको म्हनताय, तुमचं लगीन झालंय का न्हाय?” आणि अकरा वेळा बुडवून त्यांनी असा लाल काढला, की वाळत घातला तेव्हा गल्लीतल्या म्हशी बिथरल्या.

त्या खेळानंतर मात्र गावभर झालं, ‘मामांचा लाल काळा पडतो.’ ऐन लग्नसराईत ज्या अंगणात बायकांची रीघ असायची, तिथं कावळाही फिरकेना. मामांनी रंग चाखणं सोडलं. आमटीसुद्धा न बघता जेवू लागले, तेव्हा मामी घाबरल्या.

त्याच कंपनीच्या पुढच्या पटातही लग्न होतं. या वेळी मामा स्वतःच कॅमेरावाल्याकडे गेले. अंगणात दोरीवर चाळीस रंगांच्या चिंध्या टांगल्या, त्यांचे फोटो काढवले आणि चष्मा पुसपुसून एकेक तपासला. काळ्यापांढऱ्या फोटोत लालाचा तोरा एकाच चिंधीला आला होता. ती निळी होती.

नवरीला निळा शालू! मामा निळीच्या पिंपापाशी सकाळपासून बसून राहिले, हात काही धजेनात. शेवटी मामींनी पदर खोचला. “सरका तिकडं. मी बुडवते.” आणि कोपरापर्यंत दोन्ही हात आत घातले.

कंपनीनं तो पट पंधरवड्यात उरकला. दुपारच्या खेळाला आम्ही सगळे गेलो. मामांनी बाक दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. नवरी आली, आणि बायकांच्या बाजूनं एकच गलका उठला, “अगं बया, काय लालभडक शालू!” चार जणींनी तर तिथंच मामींना गाठून लेकींची लुगडी रंगवायची ठरवली.

घरी येताना मामा सगळ्यांच्या मागे मागे चालत होते. अकरा वेळा बुडवून काढलेला लाल कुणाला दिसला नाही आणि न रंगवलेला सगळ्या गावाला दिसला, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी मामींना हळूच विचारलं, “खरं सांग, तुला कसला दिसला?”

मामींची नखं अजून निळीच होती. ती पदराखाली घेत त्या म्हणाल्या, “लाल हुता की.”