आमदार मांडवात आले तो दिवस

माझ्या हातात एकदा माइक आला की मला आवरणं अवघड. मिरजेच्या पूर्वेकडच्या आमच्या भागातल्या लग्नांत वर्षानुवर्षं मीच बोलत आलोय. पाहुण्यांची नावं पुकारायची, पंगती हलवायच्या आणि मुख्य म्हणजे आमदार येईपर्यंत मांडव धरून ठेवायचा. आमच्याकडं मुहूर्त टळला तरी चालतो, साहेब आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. "साहेब वेशीपर्यंत आलेत, पाच मिनिटांत पोचतील," हे वाक्य मी अशा काही ढंगात टाकतो की ऐकणाऱ्याला गाडीचा धुरळा दिसायला लागतो. गाडी तेव्हा दुसऱ्याच तालुक्यात असते.

याच साहेबांना मांडवामागं बसून शिव्या घालण्यातही मी मागं नाही. निवडून दिलं आणि गडी सभागृहात तोंड उघडत नाही, ही आमची कायमची तक्रार.

माझी मुलगी विश्रामबागेतल्या कॉलेजात बारावीला आहे. आम्ही क्रिकेट बघायचो तसं ती मोबाइलवर अधिवेशन बघते. एकदा आमचा शिव्यांचा कार्यक्रम रंगात आला असताना तिनं विचारलं, "पप्पा, त्यांनी सभागृहात काय विचारायला पाहिजे, हे तुम्ही कधी जाऊन सांगितलंय?"

आम्ही चहा प्यायला लागलो.

तिनं मात्र सांगितलं. गावातून पहाटे सुटणारी एसटी बंद झाली होती. शेजारची तिची मैत्रीण त्यामुळं घरी बसली. "अंधारात वडापच्या कोंबून भरलेल्या जीपनं पोरगी धाडायची न्हाई," म्हणून तिच्या वडिलांनी कॉलेज बंद केलं आणि स्थळं बघायची भाषा सुरू केली. माझ्या मुलीनं गावभर सह्या गोळा केल्या, साहेबांच्या कार्यालयात खेपा घातल्या आणि एसटीचा प्रश्न विधानसभेच्या यादीत आणला. नागपूरच्या अधिवेशनातली तारीखसुद्धा मिळाली. मैत्रिणीचे वडील म्हणाले, "बरं, त्या तारखेपतोर थांबतो."

"लेखी उत्तर काय, येतंच," तिनं मला समजावलं. "पण साहेबांनी उभं राहून वर उपप्रश्न विचारला, तरच मंत्र्याला काहीतरी कबूल करावं लागतं."

मी मान डोलावली. त्याच तारखेला माझ्या पुतण्याचं लग्न होतं.

थोरला भाऊ आधीच पेटला होता. "तू एवढा माइकवाला, आन् आपल्याच घरच्या लग्नाला आमदार न्हाई? पाव्हण्यांत तोंड कसं दाखवू रं?" मी साहेबांना तीन फोन केले. दोनदा त्यांनी अधिवेशनाचं कारण सांगितलं. तिसऱ्यांदा मी ठेवणीतला बाण काढला. "साहेब, आमच्या वडलांच्या सावडण्यालाबी तुमी आला न्हवता. आमी काय बोललो का?"

पलीकडं डायरीची पानं चाळल्याचा आवाज. मग, "येतो."

काय आनंद झाला होता मला! तारीख माहीत नव्हती असं म्हणायची सोय नाही. कॅलेंडरवर एकाच चौकटीत वर तिच्या अक्षरात 'प्रश्न' आणि खाली माझ्या अक्षरात 'लग्न' होतं. मला वाटलं, कागदावर लिहिलेला प्रश्न आपला आपण विचारला जाईल.

लग्नाच्या दिवशी ती आचाऱ्याच्या चुलाण्यापाशी मोबाइल घेऊन बसली होती. मी इकडं पाच मिनिटं पाच मिनिटं करत तास काढला आणि साहेब आले. "सभागृह दणाणून सोडणारे आपले लाडके नेते," मी गरजलो. टाळ्या पडल्या. ती गर्दीतून सरळ स्टेजवर आली.

"साहेब, आज तुमचा प्रश्न होता."

त्यांच्या डोक्याला फेटा बांधणं चाललं होतं, त्यामुळं मान हलवता येत नव्हती. डोळे लाल झाले होते. "माहीत हाय, ताई. रातभर गाडीत हुतो. अजून चार लग्नं हायत. न्हाई गेलं तर माणसं पाच वर्षं मनात धरतात." त्यांनी नुसते डोळे माझ्याकडं वळवले. "तुझ्या वडलांनाच इचार."

तिनं विचारलं नाही. मी माइक भटजींकडं दिला.

लेखी उत्तर तिनं मला वाचून दाखवलं. एसटी बंद झाली, हे अंशतः खरे आहे. फेरी पुन्हा कधी सुरू होणार? प्रश्न उद्भवत नाही.

"साहेब सभागृहात बोलत नाहीत म्हणून लोक चिडलेत ते खरंच आहे, पप्पा," ती म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं, नुसता थकवा होता; या वयात यायला नको होता असा. "पण तुम्हाला आमदार नकोच आहे. तुम्हाला पाहुणा पाहिजे."

तिनं पुढच्या अधिवेशनासाठी नवा अर्ज लिहिला. खाली एक ओळ वाढवली होती: अधिवेशन चालू असताना आम्ही साहेबांना लग्नाला, वास्तुशांतीला, सावडण्याला बोलावणार नाही आणि आले नाहीत तर राग धरणार नाही. पहिली सही माझी घेतली. मग म्हणाली, "चला, तिच्या घरी तुम्हीच सांगायचं."

गेलो. मैत्रिणीच्या वडिलांपुढं सगळं कबूल केलं. साहेबांना मीच ओढून आणलं, प्रश्न माझ्यामुळं बुडाला. माणूस चार शब्द सुनावेल अशी तयारी ठेवली होती. ते उलट हसले.

"आवं, पर सायेब आल्यावर मांडवाला लय शोभा आली की!"

"पोरीचं लग्न आणखी एका अधिवेशनापुरतं थांबवा," मी म्हणालो. अर्ज पुढं केला, खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"सावडण्यालाबी न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी आतल्या खोलीकडं पाहिलं. तिथं त्यांची आई महिनाभर अंथरुणाला खिळून होती. दारात त्यांची मुलगी उभी होती, बापाच्या हाताकडं बघत.

"बघतो," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावून ते माझ्या खिशात परत अडकवलं.