मोरचुदाची हिरवी ज्योत

हिंगोलीत आमच्या शेजारी शोभेची दारू करणाऱ्यांचं घर होतं. लग्नांतले नळे, चंद्रज्योती त्यांच्याच हातच्या. त्या घरातल्या थोरल्या मुलीला मी आपा म्हणायची. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. शाळा चौथीतच सुटलेली, पण उर्दू फडाफडा वाचायची. निजामाच्या राज्यात आमची विज्ञानाची पुस्तकंही उर्दूतच. मला ती धड उमगत नसत, म्हणून मी तिच्या ओसरीवर जाऊन बसे.

एकदा मी 'जौहर' या शब्दावर अडले. आपानं ते पान दोनदा वाचलं.

"जौहर म्हणजे तुमचा अणू. त्याच्या मधोमध धन विजेचे बारीक कण बसलेत. सोडियमच्या पोटात अकरा, तांब्याच्या एकोणतीस. ही गिनती बदलली की चीजच बदलली बघ."

"पण पोटातलं दिसावं कसं?"

"दिसत न्हाई. वळख पटते."

तिनं स्पिरिटचा दिवा लावला. लोखंडी तारेच्या ओल्या टोकाला मीठ लावून ज्योतीत धरलं. ज्योत पिवळीधमक झाली. मग तार घासून धुतली आणि मोरचूद लावलं. हिरवीगार!

"मिठात सोडियम, मोरचुदात तांबं. अब्बाजवळ लहानपणापासून हेच करून राहिले मी. काहून होतं ते आज कळाया लागलं." पुस्तक तिनं माझ्या हातातून घेतलं. "आज राहू दे माझ्यापाशी."

परभणीच्या तोंडी परीक्षेत मूलद्रव्य कशावरून ओळखतात, असं विचारलं. मी आपाचंच बोलणं बोलून गेले आणि पास झाले. तिनं माझ्या तोंडात साखर घातली. "पुढची किताब आली की पहिली मला दे," एवढंच मागितलं.

ती किताब आली तोवर अठ्ठेचाळीस सालचा पावसाळा सरला होता, निजामी गेली होती. पोलीस कारवाईनंतरचे, त्यांच्यासारख्या मुसलमान घरांना भीतीचे दिवस होते. एका सकाळी ते सगळं घर हैदराबादला निघाल्याचं कळलं. मी पुस्तक घेऊन स्टेशनावर धावले. गाडी हलली होती. खिडकीतून आपा ओरडली, "पत्ता कळवते!"

पत्र आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी मी हैदराबादला गेले, दारूकाम करणाऱ्यांच्या गल्लीत चौकशी केली. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, असं एक घर होतं खरं, पण कधीच उठून गेलं. कुठं, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं चहा मागवला. तो संपल्यावरही मी तिथंच बसून राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईकडं बघत.