राणीचा लगाम आणि आमचे हे

आमच्या ह्यांनी, म्हणजे बाबुरावांनी, उभा जन्म सुर्ल्याच्या खाणीवरून आमोण्याच्या जेटीवर खनिजाचा ट्रक नेला. घरी आले की जेवायचं आणि आडवं व्हायचं. बोलले तर ओरडून, कारण कानात इंजिन बसलेलं. माझ्या पोटात काही गेलं का, हे विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती. मीही कधी ते मागितलं नाही, दमलेल्या माणसाकडे काय मागायचं?

मग खाण बंद पडली, ट्रक विकला, आणि हे ओसरीवर बसून राहिले. आमचा विशाल पुण्याला असतो. त्यानं बापासाठी तिकडे वॉचमनची नोकरी बघून ठेवली. ह्यांनी तिकडे गेटवर उभं राहायचं आणि मी इथे एकटीनं भिंतींशी बोलायचं. मला ते नको होतं. मी तोंडानं म्हटलं नाही एवढंच.

तेवढ्यात कारापूरच्या गोकुळदासबाबांनी विचारलं. लग्नाच्या वरातीला ते घोडागाडी देतात. त्यांचे गुडघे गेले होते, गाडी हाकायला माणूस हवा होता. "शिकतलो?" हे हो म्हणाले. मी कपाळावर हात मारला. या वयात, चष्मा लावून, घोडी!

साज चढवणं हे लवकर शिकले. गळपट्टा, पोटाखालचा तंग, डोळ्यांवरची झापडं, सगळं नीट. अडचण ह्यांच्या हातांत होती. ट्रकवाल्याला सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग जरा इकडे, जरा तिकडे हलवायची खोड असते. लगामाच्या वाद्या, म्हणजे ते चामड्याचे लांब पट्टे, हातात आले की हे तेच करायचे. शिवाय उजवा पाय ब्रेक शोधत फळीवर आपटायचा. राणी घोडी मान वर करून मध्येच उभी राहायची.

"बाबुराव, हो ट्रक न्हय. तिचें तोंड दुखता," गोकुळदासबाब म्हणाले. "पुढच्या वरातीक ती चलली ना जाल्यार हांव कोल्हापूरचो माणूस हाडटां."

म्हणजे घोडी चालली नाही तर ते दुसरा माणूस आणणार, आणि ह्यांना पुणंच. त्यांनीच एक उपाय सांगितला. जुन्या वाद्या घरी न्या, टोकं बायकोच्या हातात द्या, तिला घोडी करा.

झाले मी घोडी. दिवसभर लोकांच्या कुळागरात, म्हणजे बागेत, सुपाऱ्या सोलून यायचं आणि ओसरीवर ह्यांच्याकडे पाठ करून बसायचं. मागून वाद्या ओढल्या की ओळखायचं, डावीकडे की उजवीकडे की थांब. सुरुवातीला काही कळेना, नुसते हिसके. तळहात लाल व्हायचे. "अहो, मी काय खनिज भरलेली गाडी आहे?" मी चिडून वाद्या टाकून द्यायचे. हे त्या उचलून परत माझ्या हातात द्यायचे. ओढ फार झाली की मी तळहात उघडून वर धरायचे, म्हणजे सोडा. हळूहळू हिसके गेले. एका संध्याकाळी डावी वादी इतकी हलकी आली की मी वळल्यावरच मला कळलं. वैताग होता, तरी बरं वाटलं.

वरात दुपारची होती. मी रस्त्याकडेला उभी. देवळाच्या चढावर डीजे सुरू झाला आणि राणी थांबली, मान वर. वऱ्हाडी ओरडायला लागले. ह्यांच्या मुठी आवळल्या, पाय फळीवर आपटला. शेजारी बसलेल्या गोकुळदासबाबांनी वाद्या घ्यायला हात पुढे केला. मी पुढे होऊन तळहात उघडा करून वर धरला. ह्यांनी बघितलं, आणि बोटं सैल सोडली. राणीनं मान खाली घेतली, फुरफुरली आणि चालायला लागली.

"फाल्यां सकाळीं यो," गाडी सोडताना गोकुळदासबाब ह्यांना म्हणाले. उद्या सकाळी या, म्हणजे काम पक्कं.

घरी आलो तेव्हा उजेड होता. मी ओसरीवर बसले, पाय दुखत होते. म्हटलं, "त्या वाद्या देऊन टाका त्यांच्या." ह्यांनी टोकं माझ्या हातात दिली आणि हे मागे जाऊन बसले. जरा वेळानं दोन्ही वाद्या एकदम अगदी हलक्या ओढल्या गेल्या. ही खूण आमच्यात नव्हती.

"हे काय? थांब म्हणताय?"

"नाय गे," हे हळू म्हणाले. "जेवलंस काय, विचारतंय."

मी वळले नाही. सकाळपासून मी जेवले नव्हते, तेवढंच सांगितलं.