भिंतीचा घाम

पोरीचे ओठ निळे पडले होते. बारसंही व्हायचं होतं अजून. छातीत घरघर, आणि दूध ओढणं तिने सकाळपासूनच सोडलेलं. बाहेर पावसाची झड लागली होती. नवरा वैद्याला आणायला गेला तो नाल्याच्या पुराने पलीकडेच अडकला. मी बाजेवर बसून ओरडत होते, "काकू, धावा वो! पोरगी जाऊन राह्यली!"

काकू म्हणजे आमची घरमालकीण. दारात आली आणि सवयीप्रमाणे तिने आधी भिंतीला उलटा हात लावला, पोराचा ताप पाहावा तसा.

देवळी गावात आम्ही तिची मागची खोली भाड्याने घेतली होती. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. भाड्याच्या खोल्या होत्या तशाच होत्या. पावसाळा लागला की भिंतीवर ओल चढायची, मागोमाग काळी बुरशी. गोधड्यांना वास, पेटीतल्या लुगड्यावर पांढरे ठिपके. मी राख घासली, चुना लावला, शेगडी पेटवून ठेवली. डाग पुन्हा वर. तक्रार केली की ती यायची, उलटा हात लावायची.

"ओल नाई वं. भिंतीले घाम आला. तुले नाई येत?"

आणि तोच हात पदराला पुसायची.

"घामाले बुरशी येते का, काकू?"

"आंघोळ नाई करशीन तर तुलेही येईन."

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. विधवा, एकटी, आणि सोवळं कडक. आमचं वाळत घातलेलं धडुतं वाऱ्याने अंगाला लागलं तरी न्हाणीत शिरायची. ती न्हाणी नेमकी आमच्या भिंतीपलीकडे. फरशी फुटलेली, मोरी तुंबलेली. आमचा विटाळ झाला की तिने आंघोळ करायची आणि ते पाणी आमच्या भिंतीत मुरायचं. माझ्या बाळंतपणात तर विचारू नका. सुईणीचा आवाज आला की पलीकडे तांब्या वाजलाच. तेव्हा माझ्या मनात तिच्याबद्दल काय यायचं ते लिहीत नाही.

त्या दिवशी तिने हात लावला आणि चुन्याचा पापुद्रा सुटून हातावर आला. ओला, काळा. ती हाताकडे पाहत राहिली. पदराला पुसला नाही.

"ओल आहे," म्हणाली.

"तुमच्याच आंघोळीची आहे." भीड धरायला मला वेळ नव्हता.

ती आत आली आणि विटाळातली पोर सरळ उचलून छातीशी धरली.

"ऊठ. सैपाकघरात चाल. तेवढीच भिंत कोरडी आहे."

"काकू, तिथं तुमचे देव आहेत!"

"देवाइले सर्दी नाई होत. उचल पाय."

तिच्या स्वयंपाकघरात मी कधी डोकावलेही नव्हते. चुलीमागची भिंत कोमट होती. ती चुलीपाशी बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून तिची छाती शेकत राहिली. मांडी हलवली नाही. दिवेलागणीला पोरगी शिंकली आणि रडली.

"रड माय, रड. घर डोक्यावर घे," काकू म्हणाली.

वैद्याला घेऊन नवरा आला तेव्हा पोरगी दूध पीत होती. त्या दिवशी तांब्या वाजला नाही. मी कान देऊन होते.

पाऊस उघडल्यावर तिने सब्बल घेऊन न्हाणीची फरशी उखडली. नवरा मदतीला गेला तर म्हणाली, "सरक. फरशी माही आहे." पुढे ती विहिरीपाशी तट्ट्याआड आंघोळ करायची. दिवसातून एकदाच.

झोपायला मात्र ती आमच्या खोलीत गेली; आम्ही तिच्या चुलीपाशी. मी म्हटलं, "काकू, तिथं ओल आहे."

"घाम आहे तो," ती म्हणाली.

दिवाळीपर्यंत ती खोकत होती. गेली ती पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणाने, तोवर सुकलेल्या त्याच खोलीत. माझी पोरगी आता नातवंडं सांभाळते. त्या पावसाळ्यातून आम्ही तिघीही वाचलो.