म्हेत्रेकाकांची एकतीस मापं

म्हेत्रेकाकांनी पहिल्या भेटीत माझ्या नवऱ्याला नमस्कार केला नाही. आखातात, करामा भागातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात दोघं समोरासमोर आले, काकांनी हात पुढे केला, यांनीही शेकहँडसाठी केला, तर काकांनी सरळ यांच्या शर्टाचं दुसरं बटण चिमटीत धरलं आणि पिळलं. बटण हातात आलं. "बगा," काका समाधानाने म्हणाले, "दोन टाक्यांवर लोंबकळत होतं. हापिसात मीटिंगमध्ये पडलं असतं म्हंजे?" मग पाकिटातून सुई-दोरा काढून तिथेच, पायरीवर उभ्या उभ्या, त्यांनी ते लावून दिलं. आमचे हे घरी येऊन म्हणाले, "खालच्या मजल्यावर एक वेडा माणूस राहायला आलाय." वेडा म्हणण्यात फारशी चूक नव्हती.

सदाशिव म्हेत्रे मूळचे इचलकरंजीचे. शारजातल्या एका शर्टाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलर होते. बायको-मुलं गावी, आणि इथे दोन मल्याळी पार्टनरांबरोबर एका खोलीत संसार. दिवसाला शेकडो शर्ट त्यांच्या हाताखालून जायचे. जिथे दोष दिसेल तिथे बाणाचं लाल स्टिकर लावायचं आणि शर्ट बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. स्टिकरची पट्टी खिशातच असायची, त्यामुळे ती सवय कारखान्याबाहेरही चालू. आमच्याकडे जेवायला आले की जाताना कुठे ना कुठे लाल बाण लावून जात. एकदा वाकड्या कॅलेंडरवर सापडला, एकदा फ्रिजच्या सैल रबरावर. एकदा तर माझ्या पोळीच्या डब्यावर. "वहिनी, राग नको. एका बाजूनं कच्ची हाय," असं वर स्पष्टीकरण! मला राग आलाच होता, आणि पोळी कच्ची होतीच.

त्यांनी बाद केलेले शर्ट कारखाना गठ्ठ्याने विकून टाकायचा. ते घ्यायला आफ्रिकेतून व्यापारी येत, त्यांत टांझानियाच्या किनाऱ्यावरची एक दांडगी, हसरी बाई होती, मामा रेहेमा. तिकडे आईला मामा म्हणतात. तिच्या गावात गुजराती दुकानदारांची पेढी असल्यामुळे ती हिंदी बोलायची, आणि तेही आमच्या यांच्यापेक्षा बरं. गावात आईबाप गेलेल्या मुलांचं एक छोटा अनाथाश्रम ती आणि तिच्या दोन बहिणी मिळून चालवत होत्या. विकायला नेलेल्या मालातले थोडे शर्ट ती त्या मुलांसाठी बाजूला काढायची. एकदा कौतुकाने तिने काकांना मुलांचा फोटो दिला. फोटोत सगळी पोरं दात काढून हसत होती. पुढच्या रांगेतल्या एकाच्या छातीवर लाल बाण होता.

ही गोष्ट काकांनी मला सांगितली तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "माझंच स्टिकर, वहिनी. काढायचं ऱ्हाऊन गेलं कुणाच्या तरी हातनं. अक्षी लेकराच्या छातीवर. ते पोर काय बाद माल हाय व्हय?" मी चहा टाकला. कपातला चहा निवेपर्यंत काका फोटोकडे बघत बसले, आणि मग एकदम म्हणाले, "तुमचा हॉल मोठा हाय."

झालं! त्या शुक्रवारपासून माझ्या हॉलचा कारखाना झाला. रेहेमा मुलांसाठी म्हणून जो गठ्ठा बाजूला काढायची, तो आधी आमच्याकडे यायचा. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे सकाळी नऊ वाजता इमारतीतल्या चार-पाच बायका, दोन-तीन बॅचलर आणि आमचे हे गालिच्यावर फतकल मारून बसत. कुणी उसवलेली शिवण घालतंय, कुणी बटणं लावतंय, मी पोहे करतेय. मध्ये काका फिरायचे. आणि त्यांच्या पसंतीला काही उतरेल तर शपथ! बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या सबनीसांनी एक बटण चार वेळा लावलं. चौथ्यांदाही काकांनी उसवलं. "सायेब, बँकेत चालत आसंल. हितं न्हाई चालत." सबनीसांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण पुढच्या शुक्रवारी नऊच्या ठोक्याला तेच पहिले हजर.

कुणी म्हणे, "अहो काका, फुकटच तर द्यायचंय, कशाला एवढं?" तर काका ताडकन उत्तर देत, "पैशे देणारा तक्रार करतो. हे लेकरू करणार न्हाई. म्हणून आपुनच करायची." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी निदान पन्नासदा ऐकलं असेल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला शर्ट मी गुपचूप परत उसवायला घेतला होता.

असं वर्षभर छान चाललं. मग एका नोव्हेंबरात रेहेमा आली ती काळजीत. मुलं मोठी होत होती, पण गावातल्या शाळेचे हेडमास्तर युनिफॉर्मशिवाय कुणाला दारात उभं करत नव्हते. जानेवारीत शाळा सुरू व्हायची. निळ्या चड्ड्या आणि स्कर्ट ती तिथेच शिवून घेणार होती. पण पांढरे शर्ट हवे होते, मापाचे, एकतीस मुलांसाठी एकतीस. एक वर्ष आधीच वाया गेलं होतं. "इस साल नहीं गया, तो बड़ा बच्चा फिर कभी नहीं जाएगा," ती म्हणाली. मोठ्या माणसांचे बाद झालेले पांढरे शर्ट कारखान्यात रग्गड होते, ते कापून लहान करायचे ठरलं. रेहेमा मुलांची वयं लिहिलेला कागद देऊन मालाच्या खरेदीला निघून गेली. तीन आठवड्यांनी येऊन ती शर्ट नेणार होती.

आता मापं आणायची कुठून? काकांनी डोकं चालवलं. करामात काय पोरांची कमी आहे? सहा वर्षांचा हवा, सबनीसांचा आहे. आठची हवी, आमची रेवती आहे. इमारतीतली सगळी पोरं माझ्या हॉलमध्ये ओळीने उभी करून काकांनी टेप लावली. "मम्मा, ही इज टिकलिंग मी!" रेवती किंचाळली. शिवाय आम्ही सगळ्या मराठी आया. प्रत्येकीने माप सांगताना सवयीने म्हटलं, "काका, जरा वाढत्या अंगाचं धरा हं." कापताना पुन्हा कुणीतरी म्हणालं, वाढत्या अंगाचं. शिवायला बसलेल्या देशमुखबाईंनी आपल्या मनाने आणखी अर्धा इंच सोडला. इमारतीतली तिन्ही मशीनं तीन आठवडे खडखडत होती. काकांनी एकेक शिवण उजेडात धरून पाहिली, एकेक बटण पिळलं. एकतीसच्या एकतीस शर्ट पास. त्यांनी स्वतः इस्त्री करून घड्या घातल्या.

गुरुवारी दुपारी रेहेमा न्यायला आली. माल मोठ्या लाकडी लाँचने समुद्रावरून जायचा, आणि लाँच खाडीवरून शनिवारी सकाळी सुटणार होती. तिने वरचा शर्ट उचलला, झटकला, हातभर लांब धरून पाहिला आणि हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "हबीबी, ये किसके बाप का है?" आम्हीही हसलो. मग तिने दुसरा उचलला, तिसरा उचलला, आणि तिचं हसू थांबलं. कागदावर ज्यांचं वय सहा लिहिलं होतं, त्यांचे शर्ट तिच्याकडच्या दहा वर्षांच्या मुलाला झाले असते. आमची पोरं बर्गर आणि शाही तुकड्यावर वाढलेली, त्यात वाढतं अंग, त्यात देशमुखबाई! ती सोफ्यावर बसली. "मास्टर वापस भेजेगा," हळूच म्हणाली. "वो बोला है, बराबर कपड़ा नहीं तो बाहर."

काकांचं तोंड पांढरंफटक पडलं. आयुष्यात हजारो शर्ट बाद केलेला माणूस, पण स्वतःचा माल बाद झालेला पहिल्यांदा बघत होता. "मी शिलाई बघितली," ते म्हणाले, "बटण बघितलं. लेकरू बघितलंच न्हाई." मला त्यांची इतकी दया आली की मीच खेकसले, "काका, रडत बसू नका. उद्याचा अख्खा शुक्रवार आहे. खरी मापं घ्या."

"कुणाची घिऊ? पोरं तिकडं हाईत!"

"रेहेमा इकडे आहे ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग रेहेमाकडे. आणि पुढचा तासभर माझ्या हॉलमध्ये जे झालं ते मी कधी विसरणार नाही. रेहेमाला त्यांनी हॉलच्या दाराच्या चौकटीशी उभं केलं आणि विचारलं, "मामा, एक एक बच्चे का नाम लो. कितना ऊँचा है, हाथ से दिखाओ." तिने डोळे मिटले. "जुमा," म्हणाली आणि हात कमरेच्या वर धरला. काकांनी जमिनीपासून तिच्या तळहातापर्यंत टेप लावली, चौकटीवर शिंप्याच्या खडूने रेघ मारली आणि नाव लिहिलं. "फातुमा." हात खांद्याशी. "सलीम. पतला है, बहुत पतला." छाती किती, हे ती दोन्ही तळहात समोरासमोर धरून दाखवायची, कुणाला तरी जवळ घेतल्यासारखी. मुलांना तिने इतक्यांदा कुशीत घेतलं होतं की तिच्या हातांना मापं पाठ होती. शेवटचं नाव अमीना. हात इतका खाली गेला की काकांनी टेप तीनदा लावली. "सा वर्षांची? एवढीच?" रेहेमा म्हणाली, "खाती है. बढ़ती नहीं." काकांनी ती रेघ मारली, पण बराच वेळ तिथून उठले नाहीत.

शुक्रवारी उजाडता उजाडता सगळी इमारत माझ्या हॉलमध्ये होती. काका कात्री घेऊन बसले होते. मी म्हटलं, "कापू नका हो. आत घ्या. दुमडून टाके घाला. वाढतील ना ती पोरं, मग दरवर्षी एकेक घडी सोडायची." काकांनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, आज तुमची पोळी दोन्हीकडनं भाजली." एवढी स्तुती त्यांनी त्यानंतर कधी केली नाही. बाह्यांना आतून दोन घड्या, खालच्या पट्टीला दोन, बाजूला एक. सबनीसांनी त्या दिवशी अकरा शर्टांना टाके घातले आणि काकांनी त्यातला एकही उसवला नाही. सूर्य मावळायच्या आत एकतिसावा शर्ट घडी घालून खोक्यात गेला. "खलास!" काका ओरडले, आणि गालिच्यावर आडवे झाले.

जानेवारीत रेहेमाचा फोन आला. हेडमास्तरांनी एकेका मुलाला दारात उभं करून नखशिखान्त पाहिलं होतं. एकतीसच्या एकतीस आत. काकांनी मिठाईचा पुडा आणला आणि अख्ख्या जिन्यात वाटला. पाकिस्तानी न्हाव्यालाही दिला. तो "मुबारक हो, पोता हुआ?" म्हणाला, तर काका म्हणाले, "इकतीस हुए."

मग दरवर्षी नोव्हेंबरात रेहेमा आली की चौकटीशी उभी राहायची आणि हाताने नव्या उंच्या दाखवायची. खडूच्या रेघा वर चढत गेल्या. घरमालक भाडं वाढवायला आला की चौकटीकडे बघून नाक मुरडायचा, पण रंग देऊ मी दिला नाही. ज्यांच्या घड्या संपल्या त्यांना नवे शर्ट, त्यांनाही वाढत्या घड्या. काकांना सगळी नावं तोंडपाठ. जेवताना मध्येच म्हणायचे, "जुमाला आता फुल बाही लागंल. मिशा येतील त्याला." जणू जुमा खालच्या मजल्यावर राहत होता. फक्त अमीनाची रेघ हटेना. पहिल्या वर्षी अर्धा इंच. दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. तिसऱ्या वर्षी तर रेघेवरच रेघ. काका दरवेळी तीनतीनदा टेप लावायचे. "मामा, तुमचा हात चुकला आसंल," असं म्हणायचे. रेहेमा मान हलवायची. तिला डॉक्टरकडे नेत होते, अंडी-दूध देत होते. काका त्या दिवशी कुणाच्याही शर्टाचं बटण पिळायचे नाहीत. त्यावरून मला कळायचं.

दोन हजार दोनमध्ये त्यांना साठ वर्षं झाली आणि कारखान्याने व्हिसा पुढे काढला नाही. वीस वर्षांचा मुक्काम दोन बॅगांत बसला. एअरपोर्टवर आम्ही दहा-बारा जण गेलो होतो. सबनीस चक्क रडत होते. काका आत गेले, आणि आत गेल्यावर परत फिरून कठड्यापाशी आले. मला वाटलं, आता काहीतरी निरोपाचं बोलणार. ते म्हणाले, "वहिनी, अमीनाच्या बाह्यांला औंदा एकच घडी घाला. अर्धा इंच बास. उगं जास्त सोडशीला, लेकराच्या हातावर लोंबंल." आणि गेले.

मी काही ऐकलं नाही. आईच्या हाताला अर्धा इंच कधी जमलाय? त्या नोव्हेंबरात रेहेमा कामात अडकून आली नव्हती, म्हणून मीच अंदाजाने घड्या घातल्या. अमीनाच्या बाह्यांत दोन इंच आत घेतले आणि खोकं लाँचवर पाठवून दिलं. जूनमध्ये रेहेमाचा फोन आला. बाकीचं सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, अमीनाच्या सगळ्या घड्या सोडल्या, तरी मनगटं उघडी आहेत.

मी तिथल्या तिथे इचलकरंजीला फोन लावला.

"काका, अमीनाच्या बाह्या तोकड्या पडल्या."

"तोकड्या? तुमचं माप चुकलं वहिनी. अर्धा इंच घातला का न्हाई?"

"दोन घातले होते. दोन्ही सोडले. तरी तोकड्या."

पलीकडे रिसीव्हर कुठेतरी आपटल्याचा आवाज आला आणि काका घरात आतल्या बाजूला धावत सुटलेले ऐकू आले. जन्मभर दुसऱ्यांची मापं चुकली म्हणून कटकट करणारा तो माणूस बायकोला ओरडून सांगत होता, "अगं ए, ऐकलंस का? माजं माप चुकलं! अमीना वाढली!"