काकांचे डॉलर आणि पालथी वाटी

आमच्या काकांचा आत्मा आला, तेव्हा काका जिवंत होते.

हे माझ्या यजमानांचे सख्खे काका. मूळचे मळवलीचे, पण परदेशी बोटीवर आचारी. पगार डॉलरमध्ये, आणि डॉलर ठेवलेले लंडनच्या बँकेत!

"अमेरिकेचा पैसा लंडनात कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"तितं व्याज जास्त देत्यात, सूनबाई!" बँकेचं नाव मात्र त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मग बोट बुडाल्याची खबर आली. काकी आमच्याकडे लोणावळ्याला येऊन राहिल्या. नावच ठाऊक नसलेल्या बँकेकडे त्या बिचाऱ्या काय मागणार? शेवटी मीच (दुसरं कोण!) प्लँचेटची टूम काढली.

श्रावणातली भर दुपार, पण धुकं असं की घरात दिवा लावलेला. पाटावर खडूने मुळाक्षरं लिहिली, मध्ये वाटी पालथी घातली, वाटीवर तिघांची बोटं. वाटी गार पडली. खरंच गार पडली! आणि आपली आपण सरकायला लागली.

"तुम्ही ढकलताय," मी यजमानांना म्हणाले.

"मी? मला वाटलं, तू!"

काकींनी हळूच विचारलं, "आवो, जेवलात का?"

"काकी, बँक विचारा, बँक!"

वाटी 'झ'वर गेली. मग 'र'वर.

"झुरळ!" मी किंचाळून पलंगावर चढले. वाटी थरथरत 'क'वर जाऊन थांबली.

"झरक? ही कुठली बँक?" यजमान म्हणाले.

तेवढ्यात दार वाजलं. उघडलं, तर धुक्यात काका! ओलेचिंब, दाढी वाढलेली, हातात बॅग. यजमान दोन पावलं मागे सरले. मी उडी मारून थेट काकांच्या पायांवर पडले आणि ओरडले, "बँकेचं नाव सांगा आणि मग सुखाने जा!"

काकी तेवढ्या पुढे झाल्या. त्यांनी काकांचा हात धरून पाहिला. "ऊन हाय," म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

बोट बुडाली होती खरी, पण काका वाचले होते. इतके दिवस परक्या मुलखात इस्पितळात पडून होते. चहा झाल्यावर मी हसत हसत म्हटलं, "तुमचा आत्मा 'झरक' म्हणाला हो!"

काकांच्या हातातली बशी खाली आली. "झुरिक? तुमाला कुणी सांगितलं? डॉलर लंडनातनं काढून म्या स्वित्झर्लंडात झुरिकच्या बँकेत टाकलं, ते माझ्या सावलीलाबी ठावं न्हाई!"

"पण काका, तुम्ही तर जिवंत होता," यजमान पुटपुटले. "मग वाटीत आलं कोण?"

काकांनी वाटीकडे पाहिलं. मग केस मोकळे सुटलेल्या माझ्याकडे पाहिलं. बॅग उचलली, काकींचा हात धरला.

"चल मळवलीला! हितं ऱ्हायचं न्हाई."

ज्यांना भूत समजून मी बोंब ठोकली, ते काका मला भुताळीण समजून धूम पळाले!