यातलं सपन कोणतं?

माझी आई रोज सकाळी चहासोबत स्वप्न सांगायची, तेही पाल्हाळ लावून. सावनेरच्या माहेरी मेलेली गाय परत आली, बाजारात एका पायात चप्पलच नव्हती, असलं काहीबाही. मनीषनगरच्या आमच्या घरात ऐकणारं कोणी नव्हतं. मी डबा भरत असायची आणि बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "आटप वं लवकर, चहा थंडा होऊन राहिला."

मग आईला लकवा आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. मान हलवून हो-नाही सांगायची, तेवढंच. सकाळ गपगुमान झाली, आणि ती शांतता बाबांना खायला उठायची.

एक दिवस मी मोबाईलवर वाचलं, की झोपलेल्या माणसाच्या मेंदूतल्या हालचालींवरून त्याचं स्वप्न टिपायचा शास्त्रज्ञ प्रयत्न करताहेत. मूर्खासारखं मोठ्यानं वाचलं.

"म्हणजे सपनाची फिल्म निघते?" बाबांनी विचारलं.

"निघत नाही हो बाबा. अजून नुसते अंदाज आहेत."

पण अर्धंच ऐकायचं ही त्यांची जुनी खोड. त्यातच आईला एकदा फिटचा झटका आला आणि डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढायला सांगितला, तोही झोपेत. झालं! बाबांनी दोन्हींचा मेळ घातला. मी समजावून समजावून थकली. "तिच्या मनात काय चालू आहे थे मले पाहू दे," म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा झाला की मी फोन करून दवाखान्याची वेळ घेतली.

ठरल्या दिवशी दवाखान्यात गेलो, तर तारा लावणारी मुलगी आईच्या केसांना हात लावून ओरडलीच. "काका, तेल काहून लावलं? केस धुऊन, कोरडे करून आणा म्हटलं होतं ना!"

बाबांनी पहाटे उठून वाटीभर खोबरेल जिरवलं होतं. वर वेणीही घातली होती.

"चार लोकांत यायचं होतं न, बाई," ते पुटपुटले. "तिले तेलाशिवाय बाहेर निघणं आवडत नाही."

मी चांगली झापणार होती त्यांना. नाही झापवलं.

दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली. घरी आईचं डोकं बाबांनीच धुतलं. मी पाण्याचा मग पुढे केला तर "तू सरक वं" म्हणून मलाच हाकललं. तीनदा शाम्पू लावला. फेस डोळ्यांत गेला तशी आईनं डाव्या हातानं त्यांच्या दंडावर सणसणीत चापट मारली. बाबा इतके खूश झाले, की विचारू नका.

दवाखान्यात आई झोपली आणि पडद्यावर रेघा धावू लागल्या. बाबांनी चष्मा पुसला, खुर्ची पडद्याला चिकटवली.

"बेटा, यातलं सपन कोणतं?"

मुलगी हसली नाही, देव तिचं भलं करो. "काका, यात सपन नाही दिसत. झटका काहून आला, त्याचा पत्ता लागतो फक्त."

बाबा तरीही बराच वेळ रेघांकडे पाहत राहिले. मग हळूच "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आईसमोर जाऊन बसले. "काय वं, तुले अजून सपनं पडतात का?"

मी कपबशी हातात धरून थबकली. इतक्या महिन्यांत आम्ही तिला भूक, औषध, संडास यापलीकडे काही विचारलंच नव्हतं. आणि मशीनला विचारायला निघालो होतो! लाज वाटली मला.

आईनं मान हलवली. हो.

"सपनात बोलते तू?"

हो.

बाबा पुढे सरकले. "माह्यासंगं?"

आईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. नाही, म्हणाली मानेनं, आणि तिचं अर्धं तोंड हसलं.

"अरे वा! मंग कोणासंगं बोलते वं?" बाबा डोळे पुसत म्हणाले, आणि बहीण, मावशी, शेजारीण, एकेकीबद्दल विचारू लागले. जेवणाची वेळ झाली तरी दोघं बोलतच होते.